जीवनगौरव मिळालेल्या माणसाला विचारायचं काय?

प्रश्न थोडक्यात असा. भंडारा जिल्ह्यातल्या लाखांदूर तालुक्यातल्या एका शिक्षिकेला त्यांच्या गावातल्या खडी गंमतच्या, म्हणजे आपल्याकडच्या नाच-गाण्याच्या लोकनाट्याच्या, शाहिरांची मुलाखत घ्यायची आहे. शाहीर ऐंशीच्या घरातले, नुकताच जीवनगौरव मिळालेला. वाचनालयाच्या वार्षिक अंकात मुलाखत छापायची आहे. बाई एकदा जाऊन आल्या, दीड तास बसल्या आणि हाती लागलं ते एवढंच: गुरूची कृपा, मायबाप रसिकांचं प्रेम, आजची पिढी मोबाईलमध्ये गेली. चुकलं कुठं, असं त्या विचारतात.

मॅडम, तुमचं फारसं काही चुकलेलं नाही. तुम्हाला मिळालं ते सत्काराचं भाषण. ज्याचे चार-पाच सत्कार झाले त्याच्याकडे ते तयारच असतं, समोर वही-पेन दिसलं की सुरू होतं. त्यात खोटं काही नसतं. पण पंधरा वेळा म्हणून म्हणून ते इतकं गुळगुळीत झालेलं असतं की बोलणाऱ्यालाही त्यात काही सापडत नाही.

मी सव्वीस वर्षं हेच करतोय. साप्ताहिकासाठी, दिवाळी अंकांसाठी, अधूनमधून मंचावरच्या प्रकट मुलाखती. मूळचा वऱ्हाडातला, पण निम्म्या मुलाखती झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्यात, झाल्या. एवढ्या वर्षांत एक गोष्ट पक्की झाली. माणसाला आयुष्याबद्दल विचारलं की तो भाषण देतो, कामाबद्दल विचारलं की बोलायला लागतो. पुरस्कार जीवनाच्या नावानं असतो, म्हणून आपणही जीवनच विचारत बसतो, आणि तिथंच फसतो.

माझीच फजिती सांगतो. पवनीकडच्या एका शाहिरांकडे गेलो होतो. पावसाळ्याचे दिवस. पहिला तास तुमच्यासारखाच गेला. भिंतीवर मानपत्रं, खुंटीला शाली. मी कंटाळून वही मिटली आणि सहज विचारलं, ‘बाबाजी, डफ कुठे आहे?’ ते म्हणाले, माळ्यावर. नातवानं तो काढून आणला. कडेला जाळी लागलेली, कातडं ओलसर. बाबाजींनी थाप मारली तर ‘भद्द’ असा आवाज आला. त्यांचा चेहरा असा पडला जसा घरातला माणूस आजारी आहे. सुनेला म्हणाले, तणस पेटव. अंगणात पडवीच्या आडोशाला मूठभर तणसाचा, म्हणजे धानाच्या काडाचा, जाळ केला, त्यावर डफ धरला, फिरवत राहिले. दर दोन फेऱ्यांनी नखानं टिचकी मारायची आणि कान जवळ न्यायचा. ‘आता नाही.’ परत जाळ. ‘आता नाही.’ पाचव्या-सहाव्या वेळी टिचकी खणकन वाजली आणि ते म्हणाले, ‘हां.’

मग ते बोलायला लागले. रात्रभराच्या गंमतीत जाळ सांभाळायला एक पोरगं ठेवलेलं असायचं. दव पडलं की डफ उतरतो, म्हणून मंडळी नाचत-गात असताना मागं बसून दुसरा डफ शेकत ठेवायचा, पहिला उतरला की बदलून द्यायचा. नवव्या वर्षी ते फडात आले ते असे, जाळाजवळ बसायला. दोन वर्षं गुरूनं एक ओळ शिकवली नाही. पण कोणत्या गाण्याला डफ किती चढा लागतो हे त्या पोराच्या कानात बसलं आणि गाणी त्याच्यामागून आली. भिंतीवरच्या सात मानपत्रांपैकी एकातही जाळाचा शब्द नव्हता. मी त्या दिवशी संध्याकाळची एसटी सोडून दिली.

तेव्हापासून मी हत्याराची चौकशी आधी करतो. विणकराला धोटा, सुताराला वाकस, दाईला तिची पिशवी, कीर्तनकाराला खंजिरी. वस्तू हातात आली की हात आठवायला लागतात आणि तोंड त्यांच्या मागं जातं. वस्तू उरली नसेल तर ती कुठे गेली ते विचारा. ‘विकली’ किंवा ‘धाकट्यानं नेली’ या उत्तरामागं अर्धी मुलाखत असते.

तुमच्या शाहिरांकडे विचारण्यासारखं पुष्कळ आहे. ही गंमत उभ्यानं चालते म्हणून ती खडी. मग रात्रभर उभं राहिल्यावर सकाळी पायाची अवस्था काय व्हायची, चालत किती गावं व्हायची? बिदागी धानात मिळायची की पैशात, आणि वाटणी कोण करायचं? बाईचं काम पुरुषच करायचा, तर लुगडं कोणाचं नेसायचे? हा शेवटचा प्रश्न मी एकदा विचारला तेव्हा बाबाजी हसले आणि उत्तर आतून, चुलीजवळून आलं: ‘माहा लुगडा नेसत, ना धुवाले बी मीच.’ त्यानंतरचा पाऊण तास म्हातारीच बोलल्या. लक्षात ठेवा, पैसा, उधारी, आजारपण आणि कोणत्या साली घर शाकारलं नाही, हे सगळं बायकोला माहीत असतं. तिला फोटोपुरतं बोलावू नका. तिच्याजवळ चुलीपाशी जाऊन बसा, चहा तिथंच घ्या. मी तर आता दोन मुलाखती धरूनच चालतो, एक ओसरीवरची आणि एक स्वयंपाकघरातली. दुसरी बहुधा जास्त खरी निघते.

जाण्याआधीच्या तयारीबद्दल. आपल्याकडच्या ज्या मंडळींना मोठे सन्मान मिळाले, त्यांच्याबद्दल एक-दोन गोष्टी इतक्या वेळा छापून आल्यात की त्या पुन्हा विचारणं म्हणजे त्यांचा वेळ खाणं. मेळघाटातल्या बैरागडचे डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांना 2019 मध्ये पद्मश्री मिळाली. डॉक्टरांनी लग्नासाठी घातलेल्या अटी, म्हणजे चाळीस किलोमीटर चालायची तयारी, पाच रुपयांत नोंदणी लग्न आणि महिन्याला चारशे रुपयांत संसार, महाराष्ट्रात सगळ्यांना पाठ आहेत. त्याच दांपत्यानं गावात स्वस्त धान्याचं दुकान चालवायला घेतलं, ही गोष्टही छापून आली आहे, पण तिच्यापाशी फारसं कोणी थांबत नाही. माझ्या मते डॉक्टरनं रेशनच्या दुकानात तराजू धरणं ही त्या अटींपेक्षा मोठी बातमी. कुपोषणावर औषध लिहून देता देता धान्याच्या पोत्यापर्यंत माणूस कसा पोचतो, हा विचारण्याजोगा प्रश्न आहे. जे सगळ्यांना माहीत आहे त्याच्या शेजारी बहुधा असं काहीतरी पडलेलं असतं.

वझ्झरच्या शंकरबाबा पापळकरांचंही तसंच. 2024 ची पद्मश्री, शंभरावर अनाथ, दिव्यांग मुलांना बापाचं नाव दिलं, हे सगळे लिहितात. पण कागदावर इतक्या मुलांचा बाप म्हणून एकाच माणसाचं नाव लावायचं तर अर्ज कोणापुढं टाकावे लागतात, खिडकीपलीकडचा बाबू काय विचारतो, एखाद्या मुलाची जन्मतारीख कशी ठरते? असं विचारलं तर काम डोळ्यांसमोर उभं राहतं. ‘तुम्हाला प्रेरणा कुठून मिळाली?’ यानं राहत नाही. ‘प्रेरणा’ हा शब्द मी प्रश्नांतून काढूनच टाकला आहे.

शेतीतल्या माणसाकडे जाल तर आणखी बारीक व्हा. नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे दादाजी खोब्रागडे. 1983 मध्ये ‘पटेल 3’ धानाच्या बांधीत, म्हणजे शेतात, त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्या बाजूला ठेवल्या, वर्षानुवर्षं वेगळ्या पेरल्या आणि त्यातून जो वाण आला त्याला त्या काळच्या लोकप्रिय घड्याळावरून ‘एचएमटी’ नाव पडलं. राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानचा पुरस्कार 2005 मध्ये मिळाला, 2018 मध्ये ते गेले. अशा माणसाला ‘हे सुचलं कसं?’ विचारलं तर ‘नजर गेली’ एवढंच उत्तर येणार, आणि ते खरंच असणार. विचारायचं ते असं: लोंब्या धुऱ्याजवळ, म्हणजे बांधाजवळ, होत्या की मधे? कापणाऱ्या बायांना काय सांगून ठेवलं होतं? बियाणं कशात बांधलं, कुठे टांगलं, उंदरापासून कसं वाचवलं? दुसऱ्या वर्षी पऱ्हे, म्हणजे रोपं, टाकताना वेगळी खूण काय केली? घरातल्या कोणी चुकून ते कांडून खाल्लं तर? वाण तयार होतो तो या असल्या गोष्टींतून, आणि मला विचाराल तर बी जपणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्याला हे प्रश्न विचारायला हवेत, पुरस्कार असो नसो.

एक ठिकाण असं आहे जिथं ‘तुम्ही काय केलं?’ हा प्रश्नच उलटतो. धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा). तिथले पुढारी देवाजी तोफा हे नाव सगळ्यांना माहीत आहे, ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणाही. त्या गावात निर्णय मतदानानं होत नाहीत, सर्वांची सहमती होईपर्यंत बसतात. गावाला 2009 मध्ये जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला तोही ग्रामसभेला. अशा गावात तुम्ही ‘मी’ काढायला बसलात तर उत्तरं ‘आम्ही’तच येतील आणि तुम्हाला वाटेल माणूस टाळतोय. तो टाळत नसतो, तिथं काम तसंच झालेलं असतं. मग प्रश्न बदला: कोण तयार नव्हतं, किती बैठका लागल्या, बायका बोलायला केव्हापासून लागल्या? आणि समोरची माणसं आपसात गोंडीत बोलत असतील तर दुभाषा गावातलाच घ्या, तालुक्याचा कर्मचारी नको.

आता सालं. म्हाताऱ्या माणसाला ‘कोणत्या वर्षी?’ विचारू नका. तो संकोचतो, अंदाजे काहीतरी सांगतो आणि तुम्ही ते छापून मोकळे होता. आपल्याकडे खुणा भरपूर आहेत. नागपूरला बाबासाहेबांनी दीक्षा दिली त्याच्या आधी की मागून? ते 1956. त्याच सालच्या डिसेंबरात गाडगेबाबा गेले. तुकडोजी महाराज गेले ते 1968. मोठा दुष्काळ 1972 चा. गडचिरोली वेगळा जिल्हा झाला 1982 मध्ये. मोवाडचा पूर 1991 चा, वर्धेच्या काठचा माणूस तो विसरणार नाही. तुमच्याकडे गोंदिया भंडाऱ्यातून वेगळा निघाला तो 1999 मध्ये. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर पट्ट्यात मी ‘शकुंतला’ ही तिथली रेल्वेगाडी वापरतो. ‘तेव्हा गाडी कोळशावर चाले का डिझलवर?’ इंजिन बदललं 1994 मध्ये. एका आजोबांनी लग्नाचं साल तीन वेळा तीन सांगितलं, पण वऱ्हाड कोणत्या गाडीनं गेलं आणि सासऱ्याच्या धोतराला ठिणगीनं भोक कसं पडलं हे पक्कं आठवत होतं. लग्न 94 च्या आधीचं, तेवढं नक्की झालं.

केव्हा जायचं, यावर थोडकं सांगतो. पद्म पुरस्कार 25 जानेवारीच्या संध्याकाळी जाहीर होतात आणि 26 ला अंगणात मंडप पडलेला असतो. त्या आठवड्यात मुळीच जाऊ नका. धानवाल्याकडे रोवण्याच्या, म्हणजे लावणीच्या, दिवसांत जाऊ नका, कापूसवाल्याकडे वेचणीत. झाडीपट्टीच्या नटाकडे तर दिवाळीनंतर होळीपर्यंत जाऊच नका. वडसा म्हणजे देसाईगंजहून मंडळ्या गावोगाव निघालेल्या असतात, मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची गावजत्रा, झाली की नाटक, शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, झाला की नाटक, माणूस रात्रभर रंगमंचावर आणि दिवसा झोपेत. झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा, जानेवारीत, झाडीपट्टीचा हंगाम ऐन भरात होता. नटाशी बोलायचं तर उन्हाळा बरा. मात्र एखादा प्रयोग पाहून ठेवा आणि मग उन्हाळ्यात त्याच प्रयोगातलं एखादं स्थळ काढा, ‘त्या दिवशी दुसऱ्या अंकात लाईन गेली तेव्हा तुम्ही काय केलं?’ असं.

घरात गेल्यावर सरपंच, पोलीस पाटील, शिकलेला पुतण्या अशी मंडळी जमतातच. त्यांना हाकलता येत नाही आणि ते बसले की म्हातारा त्यांच्यासाठी बोलतो. माझा उपाय साधा आहे: पहिली भेट त्यांचीच समजायची. चहा, फोटो, शाल बघणं, सगळं उरकायचं. ‘परवा सकाळी येतो, थोडं लिहायचं राहिलं’ म्हणून निघायचं. परवा सकाळी सातला कोणी नसतं. दुसरी भेट वावरात किंवा कामाच्या जागी झाली तर फारच छान. माणूस चालत असताना बसल्यापेक्षा बरं बोलतो, का ते मला सांगता येणार नाही.

मंचावरची प्रकट मुलाखत हा वेगळाच प्रकार, त्यात माझा हात फारसा चालत नाही. एकदा पाहुण्यांची भाषणं दोन तास चालली आणि सत्कारमूर्तींना सतरा मिनिटं मिळाली. त्यातली चार हारतुऱ्यात गेली. तेव्हापासून आयोजकांना मुलाखत आधी आणि भाषणं नंतर ठेवायला सांगतो. निम्मे आयोजक ऐकत नाहीत.

आता जे सांगतो ते जरा जड आहे. सुरुवातीच्या वर्षांत एका सेंद्रिय शेती करणाऱ्या काकांची मुलाखत केली. बोलता बोलता त्यांनी चुलतभावासोबतचा धुऱ्याचा वाद सांगितला, कोणी नांगराची किती तासं, म्हणजे ओळी, सरकवल्या वगैरे. मला ते जिवंत वाटलं, मी जसंच्या तसं छापलं. अंक गावात पोचला. दोन घरांतलं बोलणं नुकतंच सुरू झालं होतं, लेकीच्या लग्नापुरतं. ते पुन्हा बंद पडलं आणि चुलतभाऊ लग्नाला आला नाही. काका मला एका शब्दानं बोलले नाहीत, त्याचंच जास्त लागलं. गावात माणूस मुलाखत देऊन घरी जात नाही, तो तिथंच राहतो. भाऊबंदकी, जात, उधारी, दारू यांतलं काही आलं तर मी आता तिथल्या तिथं विचारतो, ‘हे ठेवू का?’ ‘ठेवा’ म्हटलं तरी आठ दिवसांनी परत विचारतो. दोन्ही वेळा ‘हो’ आलं तरच ठेवतो.

याच्या उलट, मानधनाबद्दल विचारायला मात्र लाजू नका. ज्येष्ठ कलावंतांना सरकारी मानधन असतं, पण त्यासाठी कला केल्याचे पुरावे जोडावे लागतात. जुनी हस्तपत्रकं, कार्यक्रमाच्या पत्रिका, वर्तमानपत्रातली कात्रणं. बऱ्याच जणांकडची वाळवीनं खाल्लेली असतात. घरात जे कागद असतील त्यांचे मोबाईलवर नीट फोटो काढून घरातल्या शिकलेल्या पोरीला पाठवून द्या. मुलाखतीपेक्षा त्याचा उपयोग जास्त व्हायचा.

रेकॉर्डिंगचं फार शास्त्र नाही. फोन विमान मोडवर टाका, घडी केलेल्या दुपट्ट्यावर ठेवा, तोंडापासून हातभर. पंखा बंद करायला सांगा. टिनाच्या छताखाली पाऊस आला तर मुकाट्यानं थांबा, नंतर काही ऐकू येत नाही. दुसऱ्या फोनवरही चालू ठेवा. माझा एकदा फोन भरला आणि बावीस मिनिटांनंतर काहीच नव्हतं. त्या आजी पुढच्या भेटीआधी गेल्या. एक तास उतरवायला मला पाच तास लागतात, तुम्हाला सुरुवातीला सात लागतील. सुटीचा हिशोब तसा धरा.

भाषेबद्दल माझं मत ठाम आहे. झाडीबोलीत ‘ण’ नाही, बाबाजी ‘पानी’च म्हणणार. वऱ्हाडात ‘मला’चं ‘मले’ होणार. ते ‘पाणी’ आणि ‘मला’ करून छापलंत तर शाहीर पुण्याचा होतो. पण प्रत्येक शब्दाची बोली उच्चारासकट मांडत बसलात तर वाचणारा हसतो, आणि तेही नको. मी क्रियापदं, ‘ले’ प्रत्यय आणि कामाचे शब्द तसेच ठेवतो, बाकी वाचायला सोपं करतो. तुमचे स्वतःचे प्रश्न मात्र प्रमाण मराठीत आणि त्यांची उत्तरं बोलीत, असं छापू नका. तुम्ही तिथल्याच ना? मग तुम्ही जसं विचारलं तसं लिहा.

शेवटचं काम बरेच जण करत नाहीत: छापण्याआधी सगळं त्यांना वाचून दाखवायचं, मोठ्यानं. दर्यापूरकडच्या एका वाढईबाबांवर, म्हणजे सुतारावर, मी लिहिलं होतं. त्यांनी साठ वर्षं पेरणीच्या तिफणी आणि बंड्या, म्हणजे बैलगाड्या, केल्या. वाचता वाचता ‘त्यांच्या हातात जादू होती’ या वाक्याशी आलो तेव्हा त्यांनी हात वर केला. ‘जादू कायची, बावा? बाभूळ कापून दोन पावसाळे पडू द्याव लागते, नाहीतर तिफण तडकते. ते लिहा.’ मी तिथंच खोडलं आणि दोन पावसाळे लिहिले.